मागं बसणाऱ्यांना विचारा

गॅरेजात त्याला 'शॉक ॲब्सॉर्बर' असं पुरतं नाव घेऊन कुणी बोलावत नाही. आमच्या जुन्नर-नारायणगाव भागात 'शॉकप' म्हणतात. पिकअपच्या मागच्या चाकांजवळ, पाट्यांच्या आतल्या अंगाला, तिरक्या उभ्या दोन काळ्या नळ्या दिसतात ना, त्याच त्या. गाडी घेताना त्यांच्याकडे कुणी बघत नाही. हौदा किती लांब, पासिंग किती टनाचं, डिझेल किती खाते, हप्ता किती, एवढं विचारलं की माणूस पेढे वाटायला मोकळा. या नळ्यांची आठवण येते ती त्या मेल्यावर.

नावातच एक घोटाळा आहे. शॉक म्हणजे हादरा, आणि तो पचवणारा तो शॉकप, असं कुणालाही वाटेल. पण हादरा अंगावर घेतो तो पाटा. चाक खड्ड्यात आदळलं की पाटे वाकतात आणि धक्का झेलतात. मात्र पाट्याला एक खोड असते. वाकला की तो उसळतो, उसळला की पुन्हा वाकतो. झोक्यावरून पोर उतरलं तरी झोका हलत राहतो, तसं. ही उसळी मोडायचं काम शॉकपचं. नळीत तेल, तेलात दट्ट्या, दट्ट्याला बारीक भोकं. फवारणीच्या पंपाचा दांडा हळू ओढला तर येतो, जोरात ओढला तर हाताला अडतो, तोच प्रकार. तेल त्या भोकांतून रेटलं जातं, उसळीचा जोर तेलात मुरतो आणि तेल तापतं. इंग्लंडात त्याला 'डॅम्पर' म्हणतात, ते जास्त बरोबर आहे. पण आपल्याकडे डंपर म्हटलं की खडीचा ट्रक डोळ्यांपुढे येतो, तेव्हा शॉकपच बरा.

आमच्या घरातलं चाकाचं पहिलं वाहन बैलगाडी. तिला ना पाटा, ना शॉकप, ना रबर. लाकडी तुंबा, त्यात आरे, भोवती लाकडी घेर आणि त्यावर लोखंडी धाव. धाव बसवायचा दिवस म्हणजे आम्हा पोरांना जत्रा. लोहार गोवऱ्यांच्या जाळात ती लालभडक करायचा, चौघेजण सांडशीने उचलून चाकावर ठेवायचे आणि वरून पाण्याचे हंडे. चर्रर्र आवाज होऊन वाफ उठायची आणि धाव आकसून लाकडाला अशी आवळायची की वर्षानुवर्षं हलायची नाही. काम पक्कं, पण जितकं पक्कं तितकंच कठीण. दगडावर चाक चढलं की तो दगड थेट साटीत बसलेल्या माणसाच्या मणक्याला कळायचा. आणि माणसाच्या आधी बैलाला. एक चाक उंच गेलं की जू वाकडं होऊन एका बैलाच्या मानेवर आदळायचं. खांदा सुजायचा, फुटायचा. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी करतात, हळद-लोणी लावून बैलाचा खांदा चोळतात, तो काही नुसता सण नव्हे. वर्षभराचे हादरे ज्या जागेवर बसले ती जागा चोळायची, असा त्याचा साधा अर्थ मला लहानपणी दिसायचा.

माणसांसाठी उपाय एकच होता. साटीत सरमाड अंथरायचं, वर घोंगडी टाकायची. आई माहेरी जाताना तेच, आजारी माणूस तालुक्याला न्यायचा तरी तेच. माझी एक चुलती दवाखान्यात नेतानाच गाडीत बाळंत झाली. म्हातारी माणसं पुढं कौतुकाने सांगायची, "गाडीनंच सुईणीचं काम केलं." ऐकताना सगळे हसायचे. चुलती हसलेली मला आठवत नाही.

मग टायरची गाडी आली. तिला आमच्याकडे 'डनलॉप' म्हणायचे, टायर कुठल्याही कंपनीचा असो. हे नाव ज्याच्यावरून आलं तो जॉन बॉइड डनलॉप हा बेलफास्टमधला गुरांचा डॉक्टर. पोराची तीनचाकी दगडी रस्त्यावर आदळते म्हणून त्याने चाकांना हवेची रबरी नळी बसवली आणि १८८८ साली त्याचं पेटंट घेतलं. जनावरांच्या डॉक्टरची युक्ती फिरून आमच्या बैलांच्या खांद्यापर्यंत पोहोचली, हे मला फार बरं वाटतं. टायरच्या गाडीत त्याच बैलांना जास्त ओझं ओढता यायला लागलं. आता माणसाचा स्वभाव बघा. ओढणं हलकं झालं म्हणून बैलाला सुख मिळालं असेल असं वाटतं, पण ओझंच वाढवलं. हीच गोष्ट पुढे पिकअपच्या पाट्याबाबत सांगायची आहे.

त्याआधी रस्त्याचं सांगायला हवं, कारण हादरा गाडीत नसतो, तो रस्त्यात असतो. आमच्या गावाचा रस्ता १९७२च्या दुष्काळातला. आई तेव्हा नवी नवरी. हातातल्या हिरव्या चुड्यानिशी ती खडी फोडायला बसली. खायला सुकडी आणि अमेरिकेहून आलेला लाल मिलो. त्या दुष्काळात राज्यभर अशी कामं निघाली. वि. स. पागे यांनी त्याआधीच मांडलेली रोजगार हमीची कल्पना त्यातून पसरली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. इतिहासाच्या पुस्तकात हे दोन ओळींत येतं. आईच्या डाव्या हाताच्या अंगठ्यावर हातोडीची खूण आहे, ती अजून आहे. गावाचा रस्ता मोकळ्या खडीवर मुरूम टाकून केला. दोन पावसाळ्यांत मुरूम वाहून गेला आणि खडी उघडी पडली. त्यावरून गाडीने जाताना आई म्हणायची, "आमीच फोडल्याली खडी, आन आमालाच टोचती."

त्या रस्त्यावर सुरुवातीला ट्रक दिसायचे ते दोनच तऱ्हेचे, एक उसाचे आणि दुसरे तमाशाचे. नारायणगावात पाडव्याच्या सुमाराला फडमालक राहुट्या टाकून बसतात आणि गावोगावचे पुढारी जत्रेची सुपारी द्यायला येतात, ही पद्धत जुनी. मग हंगामात फडाचे ट्रक पेट्या, कनाती आणि कलावंत घेऊन रातोरात या गावाहून त्या गावाला. ट्रकमध्ये पेट्यांवर झोपलेली माणसं सकाळी उतरताना कंबर धरून उतरायची, आणि रात्री तीच माणसं नाचायची. त्या कंबरांविषयी कुणी काही लिहिल्याचं मी वाचलेलं नाही.

लहान गाडी आली ती टेम्पो. हा शब्द आपण इतका मराठी करून टाकलाय की तो एका गाडीचं नाव होता हे विसरायला होतं. टेम्पो हे जर्मन कंपनीचं नाव. नवलमल फिरोदिया यांनी १९५८ साली त्या जर्मनांशी हातमिळवणी करून बजाज टेम्पो काढली, पुढे आकुर्डीला कारखाना झाला. आधी तीनचाकी, मग मॅटाडोर. आज कुठल्याही कंपनीची मालाची गाडी असली तरी बाया म्हणतात, "टेम्पो आला का गं?" जीपचंही तसंच. महिंद्रा बंधूंनी गुलाम मोहम्मद यांच्याबरोबर १९४५ साली कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथे अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरलही. इथे १९४८ साली कंपनीच्या नावात मोहम्मदच्या जागी दुसरं महिंद्रा आलं. त्या कंपनीने आधी जीप जोडल्या, मग बनवल्या, आणि त्याच वंशावळीत २००० साली बोलेरो आली. आमची पिकअप त्या घराण्यातली. १९८६ साली टाटांची ४०७ आणि २००५ साली छोटा हत्ती आला. तोपर्यंत बैलांची दावणी गावात मोजण्याइतकी उरली होती.

शॉकपचा इतिहास या सगळ्यापेक्षा जुना आणि जरा मजेशीर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला फ्रान्समध्ये ट्रुफो नावाच्या माणसाने सायकलीची उसळी घर्षणाने मोडायची युक्ती काढली, तीच हार्टफर्ड नावाच्या अमेरिकनाने मोटारीला लावली. अमेरिकेतच क्लॉड फॉस्टरने पट्टा आणि लाकडी ठोकळे वापरून एक शॉकप बनवला. फॉस्टरचा आधीचा धंदा मोटारीच्या भोंग्यांचा. भोंग्याला त्याने गॅब्रिएल या तुतारी वाजवणाऱ्या देवदूताचं नाव दिलं होतं. तेच नाव शॉकपला चिकटलं. भारतात ती कंपनी १९६१ साली आली. म्हणून नारायणगावच्या स्पेअर पार्टच्या दुकानात खोक्यावर देवदूताचं नाव असतं, आणि दुकानदार, "देऊ का गॅब्रिएलचा जोड?" असं विचारतो. तेलाचे शॉकप नंतरचे. लाकूड-पट्टा गेला, तेल आलं, पण काम तेच.

आता टोमॅटो. कुकडी प्रकल्पाची धरणं झाली, येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे, पिंपळगाव जोगे. कालव्याला पाणी आलं आणि बाजरीच्या रानात तारकाठीचा बाग उभा राहिला. नारायणगावचा टोमॅटो बाजार आज राज्यात नावाजलेला आहे. सुरुवातीला माल करंड्यांत आणि लाकडी खोक्यांत जायचा, खाली पेंढा, वर पेंढा. बैलगाडीत माणसाला जे अंथरायचे तेच टोमॅटोला. प्लास्टिकचे क्रेट आले आणि पेंढा गेला. एका क्रेटमध्ये वीस किलो. टोमॅटोला वरून दाब सहन होतो, पण आदळणं सहन होत नाही. एकावर एक पाच-सहा थर रचले आणि गाडी उड्या मारत गेली की सगळ्यात खालच्या आणि मागच्या क्रेटमध्ये फळ फळावर घासतं, देठाशी चिरतं. बाजारात व्यापारी वरचा क्रेट बघत नाही. मागच्या कोपऱ्यातला खालचा क्रेट ओढतो, पालथा करतो आणि म्हणतो, "डागी आहे." तो एक शब्द अख्ख्या गाडीचा भाव ठरवतो.

२०२३च्या जुलैत नारायणगावात एका क्रेटला दोन हजारांच्या वर भाव गेला होता. दोन महिन्यांत तो कोसळलाही, पण जुलैत प्रत्येक फळ सोन्याचं होतं. नेमकं तेव्हाच आमच्या गाडीतला माल डागी निघायला लागला. गाडी पुतण्या चालवतो. त्याने त्या उन्हाळ्यात मागे एकेक पाटा वाढवून घेतला होता. सगळेच घेतात. पासिंग सव्वा टनाचं आणि शंभर क्रेट भरले की माल दोन टन, क्रेटचं वजन वेगळं. पाटा वाढवला की गाडी बसत नाही, ताठ उभी दिसते, पोरांना ते आवडतं. पण पाटा जितका कडक तितकी त्याची उसळी जोराची, आणि ती मोडायला शॉकप मात्र कंपनीने हलक्या पाट्याच्या हिशेबाने दिलेला. भरलेली गाडी दडपून जाते, रिकामी गाडी मागून उडते. वाशीला माल टाकून माळशेज घाटातून रिकामा परत येताना, पावसात, एका वळणावर मागची चाकं सरकली. त्याने घरी फक्त एवढंच सांगितलं, "तात्या, गाडीनं शेपूट हलवलं आज." त्या रात्री तो जेवला नाही.

चाक उडालं की तेवढा वेळ ते रस्त्याला धरून नसतं. न धरलेल्या चाकाला ना ब्रेक लागतो, ना वळण घेता येतं. शॉकप मेला की चैन जाते असं लोकांना वाटतं. जाते ती पकड.

दुसऱ्या दिवशी गाडी गॅरेजला नेली. मेस्त्रीला सगळे चाचा म्हणतात. साठीचे आहेत, गेली चाळीस वर्षं याच रस्त्याच्या गाड्या त्यांच्या हाताखालून गेल्यात. पुतण्या सांगायला लागला, टायर बदलू का, अलाइनमेंट करू का. चाचांनी त्याला थांबवलं.

"तू पुढं बसतो. तुला मागचं काय कळणार? मागं कोण बसतं?"

मागे तोडणीच्या बाया बसतात. मालाच्या गाडीत माणसं बसवायची नाहीत हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे, आणि सकाळी सात वाजता रानात पोहोचायला दुसरं वाहन नाही हेही ठाऊक आहे. त्या दिवशी दोघीजणी बाजाराला म्हणून गाडीतून आल्या होत्या, बाहेर बाकड्यावर बसल्या होत्या. चाचा बाहेर गेले आणि त्यांनाच विचारलं, "मावशी, गाडी कुठल्या बाजूला जास्त आदळते?"

मावशी लगेच म्हणाली, "डायव्हर बसतो त्या अंगाला. आमी कुनी तिकडं बसतच नाय. गतिरोधक गेला तरी दोन-तीनदा वर-खाली व्हतं. मागच्या दिवाळीपस्नं हाय ह्ये."

चाचांनी हात पुसले आणि खाली वाकून उजव्या शॉकपला हात लावला. गार. मग डाव्याला लावला. कोमट. आम्ही गावातल्या खड्ड्यांतून नुकतेच आलो होतो, दोन्ही गरम हवे होते. "माणसासारखंच असतं," ते म्हणाले, "गार पडला की संपला." उजव्याच्या अंगावर तेलाची धार सुकून त्यावर धुळीचा काळा लेप बसला होता. मागच्या टायरवर हात फिरवला तर एकसारखी झीज नाही, थोड्या थोड्या अंतरावर खोलगट चट्टे. उडत चालणारं चाक रस्त्याला असं टप्प्याटप्प्याने चाटतं.

एकच मेलाय तर एकच बदलू, असं पुतण्याचं म्हणणं. चाचा म्हणाले, बैल बदलताना जोड बघतो का नाही? एक नवा कडक आणि एक जुना ढिला, मग गाडी खड्ड्यात एका अंगाला ओढणार. जोड घेतला. दोन्ही मिळून तीन हजारांच्या आत, म्हणजे त्या जुलैत दीड क्रेटची किंमत.

काम तसं मोठं नाही, पण गंजाने मोठं होतं. चाचांनी आदल्या संध्याकाळीच नटांवर डिझेल मारून ठेवलं. सकाळी पुढच्या चाकांना दगड लावले, मागून हाउसिंगखाली जॅक देऊन गाडी उचलली आणि चेसिसखाली घोड्या दिल्या. जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही, हे ते पोऱ्याला मोठ्याने सांगतात, दर वेळी, गिऱ्हाइकालाही ऐकू जाईल असं. हाताला जागा मिळावी म्हणून चाकं काढली. शॉकपचं वरचं टोक चेसिसला आणि खालचं पाट्याखालच्या प्लेटला, दोन्हीकडे रबरी बुश. डाव्या बाजूचे नट सुटले. उजव्याचा खालचा बोल्ट बुशच्या नळीत गंजून एकजीव झाला होता. पोऱ्या गॅस आणायला निघाला. चाचांनी त्याला परत बोलावलं, शेजारून ब्रेकचा पाइप जातो. मग हातोडी आणि टॉमी. पाऊण तास ठोकाठोकी चालली. बोल्ट निघाला तेव्हा त्याचा मधला भाग उंदराने कुरतडल्यासारखा दिसत होता.

जुना शॉकप त्यांनी माझ्या हातात दिला. दांडा दाबला तर लोण्यात बोट जावं तसा आत गेला आणि तिथेच राहिला. नवा घेतला, उभा धरला, पूर्ण ओढला आणि पूर्ण दाबला, असं पाच-सहा वेळा. दुकानात खोकी आडवी पडून असतात, आत हवा शिरलेली असते, ती वर काढायची. आधी दांडा मध्येच पोकळ लागत होता, नंतर दोन्हीकडून सारखा अडायला लागला. तो अडणारा जोर मी हाताने अनुभवला आणि मला उगाच आमच्या बैलाची मान आठवली.

बसवताना एक गोष्ट त्यांनी केली ती मी इतर गॅरेजांत क्वचित पाहिली आहे. नट लावले, पण पक्के आवळले नाहीत. चाकं घातली, गाडी जमिनीवर उतरवली, वजन चाकांवर आलं आणि मग खाली सरपटत जाऊन नट आवळले. गाडी लोंबकळत असताना आवळले तर गाडी उतरल्यावर बुशचं रबर पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. पाच मिनिटांचं जास्तीचं काम आहे.

वाढवलेल्या पाट्यावरून मात्र वाद झाला. चाचा म्हणाले, तो काढ, नाहीतर हा जोडही दोन वर्षांत माझ्याकडे येणार. पुतण्याने बोटांवर हिशेब केला. पाटा काढला तर ऐंशीच क्रेट न्यायचे, म्हणजे दुसरी खेप, म्हणजे दुसरं डिझेल, आणि दुसरी खेप पोहोचेपर्यंत लिलाव उरकलेला. तो चुकीचं बोलत होता असं मला म्हणता येत नाही. चाचाही चुकीचं बोलत नव्हते. डनलॉपची गाडी आली तेव्हा बैलांच्या पाठीमागे उभं राहून माझ्या आजोबांनी हाच हिशेब केला असणार. पाटा राहिला. चाचा अजून भेटले की त्याबद्दल बोलतात.

मावशी येताना पुन्हा हौद्यात बसली. गावच्या कमानीपाशी मोठा गतिरोधक आहे. पुतण्याने तिथे गाडी हळू केली, गाडी चढली, उतरली आणि थांबली. पुन्हा वर आली नाही. त्याने मागच्या खिडकीची काच सरकवून विचारलं, "काय मावशी?"

"आता बसवंल तिकडं," ती म्हणाली, आणि उजव्या अंगाला सरकली.

पाचशे किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासून घ्यायला चाचांनी सांगितलं होतं. आठ दिवसांत तेवढी धाव झाली. वरच्या दोन्ही नटांना अर्धा-अर्धा फेर बसला, खालचे जागेवर होते.